वीतभर आखूड पलंग

मिस्त्रीला लोक हसायचे ते एका गोष्टीवरून. नवा पलंग तयार झाला की हा माणूस आधी स्वतः त्यावर झोपायचा. गादी नाही, उशी नाही, नुसत्या फळ्यांवर. चपला काढायच्या, हात छातीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि गिऱ्हाईक टेम्पो लावून ताटकळत उभं असलं तरी सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघायचं. मग एकदा "हं" म्हणायचं आणि उठायचं. त्या "हं"शिवाय पलंग कारखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही. "आमचे हे कामावर झोपा काढतात आणि वर त्याची मजुरी घेतात," असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची, आणि तिच्या तोंडाला कोण लागणार?

ही खोड बापाची. बाबाही सुतारच. सुताराला ज्यावर झोप येत नाही त्यावर गिऱ्हाइकाला कशी येणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांना दोन मुलं, थोरली आक्का आणि धाकटा हा. आई लवकर गेली. धाकट्याला न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं, तापात उशाशी बसणं हे सगळं आक्कानं केलं, स्वतःचं वय फ्रॉक घालून हुंदडायचं असताना. तिचं लग्न झालं तेव्हा बाबांनी तिला एक पलंग करून दिला. सागाचा, उंच उशाचा, कातीव पायांचा, आणि अख्ख्या पलंगात एक खिळा नाही. खाचेत खुंटी बसवून सगळे सांधे घेतलेले, त्यामुळे उलगडावा तेव्हा उलगडता यायचा आणि पुन्हा जोडता यायचा. रिवाजाप्रमाणे बाबा त्यावर झोपले आणि त्यांना खरंच डोळा लागला. टेम्पोवाला बाहेर भोंगा वाजवून वाजवून थकला, पण आक्कानं बाबांना उठवू दिलं नाही. मिस्त्री तेव्हा शाळकरी होता. तो दारात उभा राहून बघत होता, आणि बाप इतका गाढ झोपलेला त्यानं त्याआधी कधी पाहिला नव्हता.

बाबा गेले, कारखाना मिस्त्रीकडे आला. कारखाना कसला, पत्र्याची एक शेड, दोन बाकडी आणि भुशाचा ढीग. पण हातात बरकत होती. पोटापुरतं मिळत होतं आणि झोप शांत लागत होती.

मग तेजी आली.

तेजी कशी येते ते कुणालाच कळत नाही. आली की मात्र सगळ्यांना वाटतं, आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. शहराच्या कडेनं मोठा रस्ता व्हायचा होता, त्याच्या नुसत्या आखणीनं जमिनीला सोन्याचा भाव आला. जिथे गुरं चरायची तिथे क्रेन उभ्या राहिल्या. न्हावी दाढी करता करता फ्लॅटचे भाव सांगायचा आणि भाव वाढला की वस्तरा हवेतच धरून ठेवायचा, गालावर फेस वाळेपर्यंत. शाळेतल्या मास्तरांनी एक फ्लॅट घेतला, मग त्यावर कर्ज काढून दुसरा घेतला. राहायला कुणीच घेत नव्हतं, हे लक्षात घ्या. जो तो विकायला घेत होता, पुढच्या वर्षी, चढ्या भावानं, आपल्यापेक्षा मूर्ख कुणाला तरी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे म्हणतात. त्या दिवसांत ज्यानं ही म्हण काढली असती त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

इमारत उभी राहायच्या आधी फ्लॅट विकायचे, तर माणसाला काहीतरी दाखवायला हवं. म्हणून बिल्डर जागेवर एक नमुन्याचा फ्लॅट बांधायचा. भिंती, पडदे, दिवे, फर्निचर, सगळं थाटात. त्याचं काम मिस्त्रीकडे आलं. काम देणारी डिझायनर बाई हुशार होती, बोलायला गोड होती आणि कागदावरची मापं चोख होती. मापाप्रमाणे मिस्त्रीनं पलंग केला, पॉलिश केला, आणि सवयीनं चपला काढून त्यावर आडवा झाला. टाचा बाहेर लोंबायला लागल्या.

"बाई, मापात चूक आहे," तो पडल्यापडल्याच म्हणाला. "वीतभर आखूड झालाय."

"चूक नाही मिस्त्री. तसाच हवाय."

"आणि झोपणाऱ्यानं पाय कुठे ठेवायचे?"

"यावर कुणी झोपणार नाही," बाई हसून म्हणाल्या. "यावर फक्त बघायचंय. पलंग लहान असला की खोली मोठी दिसते."

मिस्त्रीच्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. मग तो इतका हसला की पलंगावरून उठताना त्याला बाकड्याचा आधार घ्यावा लागला. कारागीरही हसले. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी अक्कल, म्हणून सगळ्यांना गंमतच वाटली. नंतर टेबल अरुंद झालं, सोफा बुटका झाला, कपाट इतकं उथळ झालं की त्यात हँगर आडवा मावेना. काम मात्र अव्वल. लाकडाच्या रेषा जुळलेल्या, कडा लोण्यासारख्या, आणि सगळं एकमेकांच्या प्रमाणात इतकं बरोबर की कुठे काही खटकू नये. लहान करणं सोपं असतं हो, पण लहान करून लहान दिसू न देणं, ही मिस्त्रीची करामत. बघता बघता सगळ्या बिल्डरांना हाच मिस्त्री हवा झाला. शेडची मोठी जागा झाली, कारागीर वाढले, कापायचं मशीन आलं, दारात गाडी आली. पाचही बोटं तुपात. एवढ्या कामात नव्या पलंगावर झोपून बघायला वेळ कुणाला? ती खोड कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही.

आणि एके दिवशी नमुन्याचा फ्लॅट बघायला आक्का आली. सोबत भाऊजी. भाऊजी म्हणजे भला माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नाही आणि मेव्हण्याच्या कौतुकाबाहेरही नाही. भाऊजींचं जुनं दोन खोल्यांचं घर होतं, पण सगळं गाव नव्या घरात चाललंय आणि आपणच मागे राहतोय, असं आक्कालाही वाटायला लागलं होतं. तिनं मुद्दाम हीच इमारत निवडली, कारण तिथे भावाचं काम होतं.

ती झोपण्याच्या खोलीत आली आणि पलंगापाशी थांबली. पलंगावर एक छोटी पाटी होती, "कृपया बसू नये". आक्का बसली नाही. तिनं नुसता उशाच्या लाकडावरून हात फिरवला, सांधा कुठे आहे ते बोटांनी शोधलं, आणि तिला तो सापडला नाही.

"बाबांचा हात आलाय रे तुझ्या हाताला," ती म्हणाली.

बस. कुणी कधी एवढं म्हटलं नव्हतं त्याला. बिल्डर "वा" म्हणायचे, डिझायनर बाई "छान" म्हणायच्या, पण बाबांचा हात बघितलेलं माणूस जगात आता एकच होतं आणि ते असं बोललं. मिस्त्री हरभऱ्याच्या झाडावर असा चढला की खाली काय आहे ते दिसेना. आक्कानं विचारलं, "खोली बरी ऐसपैस वाटते, नाही का?" तेव्हा तो उशाची कड पुसत होता. तो म्हणाला, "हो, आणि हे लाकूड बघ, एकाच ओंडक्यातलं आहे." खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला तेव्हा खोली दिसतच नव्हती, फक्त लाकूड दिसत होतं.

आक्कानं जुनं घर विकलं.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण इथे तर वासेच आधी फिरले. इमारतीचा ताबा मिळायला आणि तेजी ओसरायला एकच गाठ पडली. रस्त्याचं काम रद्द झालं, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि एकदा विकायला निघालेले लोक वळून बघतात तर घ्यायला कुणी नाही. अर्ध्या इमारती कमरेइतक्या वर येऊन तशाच राहिल्या. बिल्डर कुठे गेला ते त्याच्या ड्रायव्हरलाही सांगता येईना. न्हाव्याचा वस्तरा पुन्हा मुकाट्यानं चालायला लागला. मिस्त्रीची गाडी गेली, मशीन गेलं, कारागीर निरोप घेऊन गेले. उरली जुनी पत्र्याची शेड, आणि ती गच्च भरलेली. नमुन्याचे फ्लॅट पाडले तेव्हा तिथलं सगळं फर्निचर मजुरीच्या बदल्यात त्याच्या दारात आणून टाकलं होतं. आखूड पलंग, बुटके सोफे, अरुंद टेबलं. विकायला काढलं तर लोक येऊन बसून बघायचे, गुडघे हनुवटीला लागायचे, आणि हसत निघून जायचे.

"जाळायला तरी घ्या म्हणावं कुणीतरी," बायको म्हणाली. "नाहीतर आपणच आखूड होऊ या, म्हणजे झालं."

शेवटी बालवाडीच्या बाईंनी ते बघितलं. त्या पोरांना घेऊन शेडमध्ये आल्या तेव्हा पोरं सोफ्यांवर अशी बसली, टेबलांवर कोपरं टेकून अशी रुबाबात गप्पा मारायला लागली की जणू हे सगळं त्यांच्याच मापानं शिवून घेतलंय. मिस्त्रीनं सगळं सामान फुकट देऊन टाकलं. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी नवराबायको पोट धरून हसले.

पण हसण्याचे दिवस थोडेच होते. ज्यांनी घरं विकायला घेतली होती त्यांना आता तिथेच राहावं लागणार होतं. लोक आपापली चंबूगबाळी घेऊन इमारतीत आले. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. आक्काचं घर चौथ्या मजल्यावर. हमालांनी बाबांचा पलंग उलगडून, भाग खांद्यावर घेऊन वर चढवला, मिस्त्रीनं खोलीत जोडायला घेतला, आणि उशाची बाजू भिंतीला लागली तरी पायाची बाजू दारात आली. आडवा लावला तर कपाट उघडेना. तिरका लावला तर माणूस आत जाईना. भाऊजी "असं करून बघू, तसं करून बघू" म्हणत होते. आक्कानं खोलीकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं आणि मग भावाकडे बघितलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आक्का त्याच्याशी बोलायची बंद झाली. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसतं दार लावून घेतलं. पलंगाचे भाग चादरीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आणि दोघं म्हातारपणाच्या तोंडावर जमिनीवर अंथरूण घालून झोपायला लागले. काही निरोप असला तर भाऊजी जिन्यात येऊन फोन करायचे आणि आवाज खाली घेऊन बोलायचे, एखादा चोरटा मुलगा बोलतो तसे.

मिस्त्रीचं खरं मोठेपण मला विचाराल तर इथून पुढे सुरू होतं. लोक पडल्यावर दोष द्यायला कुणीतरी शोधतात, आणि त्याला शोधायची गरज नव्हती. बिल्डर होता, बँका होत्या, डिझायनर बाई होती. त्या बाई तर स्वतःच अशाच एका इमारतीत फ्लॅट घेऊन अडकल्या होत्या. मिस्त्रीनं कुणाकडे बोट दाखवलं नाही. तो बसून राहिला, महिना, दोन महिने. मग आक्काच्याच इमारतीतल्या, सहाव्या मजल्यावरच्या बस ड्रायव्हरनं त्याला बोलावलं, "आमचा पलंग जरा कापून द्या, मावत नाही." मिस्त्री करवत घेऊन गेला. बघतो तर ड्रायव्हरची मुलगी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करत होती, कारण पुस्तक उघडायला घरात तेवढीच जागा होती.

त्यानं करवत पिशवीतून काढलीच नाही. तो खोलीभर फिरला. ही खोली त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? ती कुठे मोठी असल्याचं सोंग करते, कुठला कोपरा डोळ्याला फसवतो, सगळं त्यानंच तर बेतलं होतं. तो दुसऱ्या दिवशी लाकूड घेऊन आला आणि त्यानं पलंग कापायच्या ऐवजी उंच केला, खाली कपाट घेतलं, आत उघडणारं दार काढून सरकतं बसवलं, आणि खिडकीशी भिंतीवर घडी घालायचं टेबल केलं. मुलगी त्यावर कोपर टेकून बसली. मग मिस्त्रीनं चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या पलंगावर, त्याच्या बायकामुलांदेखत, आडवा झाला. या कुशीवरून त्या कुशीवर वळला. "हं," म्हणाला. कितीतरी वर्षांनी म्हणाला.

त्यानंतर तो इमारत सोडेनाच. या घरातून त्या घरात, वरून खाली, खालून वर. लाकडाचे पैसे घ्यायचा, मजुरी घ्यायचा नाही. पोटासाठी सकाळी बाहेरची किरकोळ कामं करायचा आणि दुपारी इथे यायचा.

"धर्मशाळा काढलीय का तुम्ही?" बायको म्हणायची. "आधी खोटं लहान करत होता, तेव्हा गाडी होती. आता लोकांचं खरं मोठं करताय, तर चपलेला शिवण नाही."

असं म्हणायची आणि पॉलिशचा डबा घेऊन त्याच्या मागोमाग जिना चढायची. फटकळ माणसाचं प्रेम असंच असतं, ते तोंडातून कमी आणि हातातून जास्त येतं.

जिना चढताना चौथा मजला लागायचाच. मिस्त्री तिथे हटकून थांबायचा. हत्यारांची पिशवी मुद्दाम आदळून ठेवायचा, खोकायचा. दार उघडायचं नाही. पण काही दिवसांनी असं झालं की दाराबाहेर पायरीवर पाण्याचा एक तांब्या दिसायला लागला, वर वाटी झाकलेली. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, कुणाचा तरी राहिला असेल. दुसऱ्या दिवशीही होता. मिस्त्री पाणी प्यायचा, वाटी पालथी ठेवायचा आणि वर जायचा. ना तिनं कधी विचारलं, ना त्यानं कधी सांगितलं. पण ज्या दिवशी दुसरीकडच्या कामामुळे तो यायचा नाही, त्या दिवशी संध्याकाळी भाऊजींचा जिन्यातून फोन यायचा, "तब्येत बरी आहे ना? नाही, मी आपलं सहज विचारलं."

सगळी घरं होत आली. राहिलं एकच. इमारतभर लोकांचे पाय पलंगात मावत होते आणि ज्या बहिणीनं त्याला वाढवलं ती जमिनीवर झोपत होती. हे त्याला खायचं. जेवताना घास हातात राहायचा. "जा की सरळ," बायको म्हणायची, "बहीणच आहे, वाघीण नाही." पण तो जायचा नाही. दार तिनं लावलंय, तर ते उघडायचा हक्कही तिचाच, असं त्याचं म्हणणं.

आणि मग भाऊजींचा गुडघा गेला. बरेच दिवस कुरकुरत होता, तो एकदा जमिनीवरून उठताना असा निखळला की त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उतरवावं लागलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, आता जमिनीवर झोपायचं नाव काढायचं नाही, पलंग हवा. दोन दिवसांत घरी सोडणार होते.

मिस्त्री त्या दुपारी पाचव्या मजल्यावर एका खिडकीला फळी ठोकत होता. खालून जिन्यातून लाकूड फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग एक अनोळखी पुरुषी आवाज, "कुठून कापायचा म्हणता?" आणि आक्काचा, एकदम कोरडा, "उशाकडून. जेवढा लागेल तेवढा."

हातातली हातोडी तशीच घेऊन तो खाली आला. घरात जागा नव्हती म्हणून बाबांचा पलंग जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत मांडला होता. दुसऱ्या भागातून बोलावलेला एक सुतार पेन्सिलीनं उशाच्या फळीवर रेघ मारून विजेची करवत जोडत होता. आक्का दारात उभी होती. मिस्त्रीनं नुसता आपला पंजा त्या रेघेवर ठेवला.

"दादा, हात काढा," सुतार म्हणाला.

"आक्का," मिस्त्री म्हणाला, "कापायचाच असेल तर मी कापतो. पण आधी मला खोली बघू दे."

आक्कानं त्या हाताकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाली.

तो आत गेला. या घरात त्यानं त्या दिवसानंतर पाऊल टाकलं नव्हतं. सगळं लख्ख, जागच्या जागी, आणि जमिनीवर दोन अंथरुणं, त्यातल्या एकाखाली घोंगडी दुहेरी घातलेली. तो भिंतीकडे वळला आणि बोटांच्या पेरांनी ती वाजवत गेला. बाहेरची भिंत भरीव बोलली. पण झोपायची खोली आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत पोकळ वाजली. बिल्डरनं तिथेही हात राखून काम केलं होतं. तो नुसता आडोसा होता, त्यावर कसलाच भार नव्हता.

"पलंग नाही कापायचा," तो म्हणाला. "घर कापू."

"काय?"

"इथे भिंतीला जमिनीपासून खिडकीएवढं भोक पाडू. पलंगाचं उसं त्यात जाईल. पलीकडे जेवढं बाहेर येईल तेवढ्याला मी कप्पा करतो, भाऊजींचा रेडिओ ठेवायला होईल. दारही उघडेल आणि कपाटही उघडेल."

आक्का भिंतीकडे बघत म्हणाली, "घर तर त्यांनी आधीच कापून दिलंय आपल्याला. आणखी थोडं कापलं तर काय बिघडतंय?" आणि तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती खाली बसली, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला. "मला माहीत होतं, आक्का. तू बाबांचं नाव काढलंस आणि मी हुरळलो. तुझा प्रश्न मला ऐकूच आला नाही."

"आणि मी?" आक्का डोळे पुसत म्हणाली. "मी कुणाची मुलगी? पलंगावर झोपून बघायचं, एवढं मला माहीत नव्हतं? एक पाटी बघितली आणि शहाण्यासारखी उभी राहिले. बाबा असते तर पाटी बाजूला करून आडवे झाले असते. दोन वर्षं मी तुझ्यावर रागावले होते की माझ्यावर, तेच मला कळत नव्हतं."

बाहेर तो दुसरा सुतार अजून करवत धरून उभा होता. आक्कानं त्याला चहा दिला, मजुरी दिली, आणि तो बिचारा न कापताच निघाला. पण जाताना परत वळला, पिशवी ठेवली आणि मिस्त्रीबरोबर भिंत फोडायला लागला. असलं काम त्यानं कधी बघितलं नव्हतं, म्हणाला.

ते संध्याकाळपर्यंत झटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा. मिस्त्रीच्या बायकोनं सगळा चुरा गोळा केला, "तुमच्या घराण्यात सरळ काही करायची पद्धतच नाही" असं म्हणत. भोकाच्या कडा सागाच्या चौकटीनं बांधल्या. बाबांच्या खुंट्या बाबांच्या खाचांत बसल्या, एकही नवी करावी लागली नाही. उसं भिंतीत गेलं, पायाची बाजू दारापासून हातभर आत राहिली, आणि दार भिंतीपर्यंत सताड उघडलं. उशावरची पेन्सिलीची रेघ मिस्त्रीनं पुसायला घेतली, तर आक्का म्हणाली, राहू दे.

दुपार झाली. मिस्त्री हत्यारं गोळा करू लागला. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "कुठे निघालास? झोपून बघ आधी."

मिस्त्रीनं चपला काढल्या. हात छातीवर घेतले, डोळे मिटले. टाचा फळीवर टेकल्या आणि पुढे चांगली चार बोटं जागा उरली. तो या कुशीवर वळला. त्या कुशीवर वळायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळानं जिन्यात गडबड झाली. खुर्चीत बसवून, चौघांनी धरून भाऊजींना वर आणलं होतं. ते घामाघूम, गुडघ्याला पट्टा, आणि पलंग कधी एकदा दिसतो असं झालेलं. आक्का दारातच आडवी आली आणि ओठांवर बोट ठेवून तिनं सगळ्यांना गप्प केलं.

"अगं, मला टेकायचंय," भाऊजी म्हणाले.

"खुर्चीत बसा थोडा वेळ. मिस्त्री पलंग तपासतोय."

भाऊजींनी मान लांब करून आत बघितलं. आतून संथ घोरणं ऐकू येत होतं. "आणि किती वेळ तपासणार?"

"ते आपण कसं सांगणार," आक्का म्हणाली. तिनं आपली शाल नेऊन भावाच्या पायांवर घातली, आणि भाऊजींना चहा ठेवायला गेली.